खाल्ल्या मिठाचे मौन : औषध कंपन्या आणि रुग्णांच्या संस्था



आजचा विषय आहे औषध कंपन्या आणि आरोग्यक्षेत्रातल्या धर्मादाय संस्था. विषयात शिरण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हाडांच्या घनतेची मोफत तपासणी झाली. एका औषध कंपनीने यंत्र पाठवले, ते चालवणारा तरुण पाठवला, कापडी फलक पाठवला आणि चहा-बिस्किटांचा खर्चही उचलला. यंत्रात टाच ठेवायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे, की छापील चिठ्ठी हातात. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे. आमच्यापैकी बहुतेकांचा ठिपका पिवळ्यात पडला, काहींचा लालमध्ये. हिरव्यात जवळजवळ कोणीच नव्हते. लोक घाबरले, पण वेळेवर कळले म्हणून बरेही वाटले. पुढच्या आठवड्यात निम्मा संघ आपापल्या डॉक्टरांच्या दारात. त्या दिवशी आभारप्रदर्शन आमच्याकडे होते. कंपनीच्या ‘सामाजिक बांधिलकी’चे आम्ही तोंड भरून कौतुक केले. टाळ्याही मिळाल्या.

आता गंमत बघा. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. दुसऱ्याच्या युक्तिवादात भोक कुठे आहे ते शोधणे हा आमचा पेशा. आणि त्या दिवशी एक साधा प्रश्न आम्हाला सुचला नाही : हा हिरवा पट्टा कुणाच्या हाडांवरून ठरवला?

उत्तर नंतर वाचनात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने १९९४ मध्ये एक मोजपट्टी दिली. माणसाच्या हाडाची घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी ताडून पाहायची. सरासरीपेक्षा अडीच किंवा त्याहून जास्त प्रमाण-विचलनांनी कमी असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार. एक ते अडीचच्या दरम्यान असेल तर ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडे विरळ. यातले गणित असे की, एका प्रमाण-विचलनावर रेघ ओढली, तर ज्या तरुण निरोगी स्त्रियांवरून सरासरी काढली त्यांच्यातल्याच शंभरात सोळा जणी रेघेच्या खाली जातात. मग सत्तरीतला माणूस कुठे जाणार? वय झाले म्हणजे हाड थोडे विरळ होणारच. ही मोजपट्टी मुळात लोकसमूहांच्या अभ्यासासाठी होती, आणि तीही क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्रासाठी. टाच ठेवून ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या यंत्राला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

१९९५ मध्ये मर्क कंपनीचे फोसामॅक्स हे हाडांचे औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्याच सुमारास मर्कने ‘बोन मेजरमेंट इन्स्टिट्यूट’ नावाची एक ना-नफा संस्था काढली. हाडे मोजण्याची छोटी आणि स्वस्त यंत्रे दवाखान्यादवाखान्यांत पोचावीत, हे तिचे काम. औषध खपायला रोगी हवा, रोगी सापडायला मोजणी हवी, मोजणीला यंत्र हवे. यात बेकायदा काही नाही. औषधही खोटे नाही. ज्यांची हाडे खरोखर ठिसूळ आहेत त्यांची काही हाडे त्याने मोडायची वाचतात. प्रश्न आहे तो पिवळ्या पट्ट्यातल्या माणसांचा. आम्हीही त्यांतलेच.

आता हे सगळे ‘जनजागृती’च्या वेषात का यावे लागते? सरळ जाहिरात का नाही? कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जनतेपुढे जाहिरात करायची मोकळीक अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर बहुतेक देशांत नाही. आपल्याकडेही नाही. औषधाची जाहिरात करता येत नाही, पण रोगाची करता येते. त्या रोगावर बाजारात मुख्य औषध एकच असेल, तर रोगाचे नाव घेतले काय आणि औषधाचे घेतले काय, गल्ल्यात पडणारा पैसा तोच. मात्र रोगाबद्दल कंपनी स्वतः बोलली तर लोक कान टवकारून ऐकत नाहीत. विकणारा आपल्या मालाबद्दल चांगलेच बोलणार, हे भाजी मंडईत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून बोलणारा दुसरा कुणी लागतो.

इथे आम्हाला आमच्या शास्त्राची आठवण होते. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली, त्यांत शब्द हे एक. कुणाचाही शब्द नव्हे, तर ‘आप्त’ माणसाचा. आप्त म्हणजे नातेवाईक असा आजचा अर्थ घेऊ नका. वात्स्यायनाने सांगितलेल्या लक्षणांचा आशय असा : ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे, आणि जशी कळली तशी ती दुसऱ्याला सांगावी या इच्छेनेच जो बोलतो, तो आप्त. जात, देश, पांडित्य याचा संबंध नाही. या दोन अटी पुऱ्या झाल्या की कोणीही आप्त होऊ शकतो.

आजाराच्या बाबतीत रुग्ण या दोन्ही अटी पुऱ्या करतो. दुखणे त्याने भोगलेले असते. आणि आपण भोगले ते दुसऱ्याला भोगावे लागू नये, एवढाच त्याचा बोलण्यामागचा हेतू असतो. म्हणून रुग्णांची संस्था बोलू लागली की मंत्री ऐकतो, वार्ताहर ऐकतो, आपण ऐकतो. कंपनीकडे जाहिरातीला लागणारा पैसा आहे, यंत्रणा आहे, हुशार माणसे आहेत. नाही ते फक्त हे आप्तत्व. ते ती कारखान्यात तयार करू शकत नाही. ते उसने आणावे लागते.

उसने आणायचे प्रमाण किती आहे? ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या १०४ रुग्णसंस्था तपासल्या. त्यांतल्या किमान ८३ टक्के संस्था औषध, वैद्यकीय उपकरणे किंवा जैवतंत्रज्ञान यांच्या कंपन्यांकडून पैसे घेत होत्या. त्याआधी २००९ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत मानसिक आजारांसाठी काम करणाऱ्या ‘नामी’ या मोठ्या संस्थेचा हिशेब बाहेर आला. २००६ ते २००८ या तीन वर्षांत तिला औषध कंपन्यांकडून सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर मिळाले होते. तिच्या देणग्यांचा हा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग.

यावर लगेच कुणी म्हणेल, ‘सर, म्हणजे या संस्था विकल्या गेल्या.’ थांबा. इतक्या घाईने निकाल द्यायचा नाही. या संस्था चालवणारी माणसे बहुधा आजाराने पोळलेली असतात. कुणाचे मूल गेलेले असते, कुणी स्वतः जेमतेम वाचलेले असते. ती खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. खोटे सापडले असते तर काम सोपे झाले असते. खोटे पकडता येते. आमचे म्हणणे असे आहे की, पैशाने संस्थेच्या तोंडी खोटे सहसा येत नाही, तिचे काही विषयांवरचे बोलणे मात्र बंद होते. मराठीत आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतो. तो एरवी सद्गुणच आहे. पण ज्याचे काम तिसऱ्याच्या वतीने बोलण्याचे आहे त्याने मीठ खाल्ले, की हाच सद्गुण त्या तिसऱ्याच्या मुळावर येतो. इंग्रजीत यासाठी ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ असा लांबलचक शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे ‘मिंधेपणा’ आहे, आणि तो जास्त नेमका आहे. मिंधा माणूस चोर नसतो. त्याला फक्त काही गोष्टी बोलता येत नाहीत.

कोणत्या गोष्टी? आम्हाला तीन दिसतात : अपाय, कारण आणि किंमत. एकेक घेऊ.

पहिला अपाय. अमेरिकेत ‘अमेरिकन पेन फाउंडेशन’ नावाची संस्था होती. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्यांची ही संस्था. वेदना खरी होती आणि डॉक्टर तिच्याकडे दुर्लक्ष करतात ही तक्रारही खरी होती. पण ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०११ मध्ये दाखवून दिले की, २०१० सालच्या तिच्या सुमारे ५० लाख डॉलरच्या उत्पन्नापैकी ९० टक्के औषध आणि उपकरण कंपन्यांकडून आले होते. रुग्णांसाठी आणि पत्रकारांसाठी तिने काढलेल्या मार्गदर्शिकांत अफूवर्गीय वेदनाशामकांचे फायदे ठळक होते, व्यसनाचा धोका मात्र फिका झाला होता. मे २०१२ मध्ये सिनेटच्या वित्त समितीने चौकशी सुरू केली, आणि त्याच सुमारास संस्थेने स्वतःला विसर्जित केले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांच्या अहवालात आले की, पाच अफूवर्गीय औषध कंपन्यांनी २०१२ ते २०१७ या काळात १४ रुग्णसंस्था आणि डॉक्टरांच्या संघटनांना मिळून जवळजवळ ९० लाख डॉलर दिले होते.

या कंपन्यांच्या धंद्यापुढे ९० लाख डॉलर म्हणजे काहीच नाही. आप्तत्व किती स्वस्त मिळते ते यावरून समजा. आणि त्याची किंमत कुणी मोजली? १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे ६ लाख ४५ हजार माणसे मेली. यांत रस्त्यावरचे हेरॉइन आणि फेंटानिल यांचे बळीही आहेत. सगळा दोष औषधाच्या गोळ्यांवर टाकता येणार नाही. पण लाटेची सुरुवात गोळ्यांपासून झाली, हे आता सर्वमान्य आहे. २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या वेदनेविषयीच्या मार्गदर्शिकांवर पर्ड्यू या कंपनीची छाया असल्याचा अहवाल दिला, आणि संघटनेने २०११ व २०१२ च्या त्या दोन्ही मार्गदर्शिका मागे घेतल्या.

इथे न्यायाने एक गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्याकडे दुखणे उलटे होते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचामुळे कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णालाही मॉर्फिन मिळणे मुश्कील होऊन बसले. कायदा सैल झाला २०१४ मध्ये. म्हणजे ‘वेदनाशामक द्या’ ही मागणीच चुकीची होती असे नाही. ज्या गोष्टीत थोडे तरी सत्य आहे तिच्यातच असे मौन चांगले लपते.

दुसरे कारण. ऑक्टोबर महिना आला की सगळीकडे गुलाबी फिती दिसतात. स्तनकर्करोग-जागृतीचा हा महिना १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. सुरू करणारे दोन : अमेरिकन कॅन्सर सोसायटी, आणि इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीचा औषध विभाग. हा विभाग पुढे झेनेका झाला आणि आज तो अ‍ॅस्ट्राझेनेका म्हणून ओळखला जातो. स्तनकर्करोगावरचे टॅमोक्सिफेन हे त्यांचे औषध. औषध उत्तम, लाखो बायकांचे आयुष्य त्याने वाढवले. पण त्याच उद्योगसमूहात कीटकनाशकेही बनत होती. जागृती महिन्याचा सगळा भर राहिला तपासणीवर : मॅमोग्राफी करून घ्या, लवकर निदान करा. रोग मुळात होतो कशाने, पर्यावरणातल्या रसायनांचा त्यात वाटा आहे का, असेल तर किती, हे प्रश्न गुलाबी फितीवर मावले नाहीत. आम्ही असे म्हणत नाही की कीटकनाशकांनीच हा कर्करोग होतो. तो शास्त्रज्ञांचा प्रांत आहे. आमचा मुद्दा एवढाच की, प्रश्न विचारायचा महिना कुणी आखला यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन’ या संस्थेने हे उघड बोलून दाखवले. ती संस्था औषध कंपन्यांचा पैसा घेत नाही, हे इथे ध्यानात घ्यावे.

तिसरी किंमत. या बाबतीत उदाहरण शोधायला अमेरिकेला जायला नको, आपली मुंबई पुरे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. २००१ मध्ये नोवार्टिस कंपनीचे ग्लिव्हेक बाजारात आले आणि या रोगाचे रूपच पालटले. पूर्वी जो रुग्ण काही वर्षांचा सोबती समजला जाई, तो रोज गोळी घेऊन नोकरी-संसार करू लागला. भारतात या औषधाची किंमत होती महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्या तेच औषध ८ ते १० हजारांत देत होत्या. नोवार्टिसने गरीब रुग्णांसाठी मोफत औषधाची योजना काढली आणि मॅक्स फाउंडेशन या धर्मादाय संस्थेमार्फत ती चालवली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे भारतात १५ हजारांहून अधिक रुग्णांना हे औषध फुकट मिळाले. ज्यांना मिळाले त्यांच्या दृष्टीने हे जीवदान होते. त्याला आम्ही नाक मुरडणार नाही. ८ हजार रुपये महिनाही आपल्या देशात फार थोड्यांना परवडतो.

पण याच वेळी कंपनी औषधाच्या एका नव्या स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागत होती. ते मिळाले असते तर स्वस्त औषध बंद होण्याचा धोका होता. आणि कुणी किमतीचा विषय काढला की कंपनी त्या मोफत योजनेकडे बोट दाखवी : किमतीचा प्रश्न येतोच कुठे, बहुतेकांना तर आम्ही फुकट देतो! तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा युक्तिवाद फळ्यावर लिहून ठेवावा. इथे दान हे किमतीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर झाले. वस्तू स्वस्त असली तर ती विकत घेणारा कुणाचा मिंधा होत नाही. फुकट मिळाली तर द्यायचे की नाही, कुणाला, किती दिवस, हे देणारा ठरवणार. हक्क गेला, त्या जागी कृपा आली. आणि ज्याचा श्वास त्या कृपेवर चालू आहे, तो किमतीविरुद्ध तोंड कसे उघडणार? त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही उघडले नसते.

तोंड उघडले ते दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेने. ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही मुंबईत १९६९ पासून काम करणारी संस्था. कर्करोगाच्या रुग्णांना औषध, अन्न, आधार देणे हे तिचे नेहमीचे काम. तिने पेटंट कार्यालयात नोवार्टिसच्या अर्जाला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, मग अपील मंडळाकडे, मग सर्वोच्च न्यायालयात. ही संस्था आनंद ग्रोव्हर यांच्यासारख्या वकिलांच्या साथीने शेवटपर्यंत उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारले. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे, माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने उपचाराची परिणामकारकता वाढत नसेल तर त्याला पेटंट नाही.

दोन्ही संस्था धर्मादाय. दोन्ही कर्करोगाच्या रुग्णांसाठी. एकीने हजारो माणसांच्या हातात औषध ठेवले, दुसरीने ते औषध स्वस्त राहावे म्हणून सात-आठ वर्षे खटला लढवला. पहिलीचे काम डोळ्यांना दिसते, त्याची छायाचित्रे निघतात. दुसरीचे काम फाइलींत राहते. पण किमतीबद्दल बोलायला कोण मोकळे होते, एवढे विचारा. म्हणजे आम्ही काय म्हणतो ते ध्यानात येईल.

आता या सगळ्यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. आक्षेप असा : संस्था आधीपासून ज्या मताची असते, त्याच मताला कंपनी पैसे देते. मत पैशाने बदलले हे तुम्ही सिद्ध कसे करणार? आक्षेप बरोबर आहे. अनेकदा मत बदललेले नसतेच. पण त्यामुळे काळजी कमी होते का? दहा संस्था आहेत, त्यांची दहा मते. कंपनीने त्यांतली तिला सोयीची तीन निवडली आणि त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला. उरलेल्या सात तशाच ओरडत राहिल्या. कुणी भ्रष्ट झाले नाही, कुणी शब्द फिरवला नाही. तरी सभेत ऐकू आले ते तिघांचेच. भ्रष्ट माणूस शोधत बसलो तर आपल्याला कुणी सापडणार नाही आणि आपण निर्धास्त होऊन घरी जाऊ.

ऐकू न येणाऱ्या गोष्टीचे एक उदाहरण देतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने शहरातल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, आणि तीही कशाने? व्हिनेगरने. पातळ केलेले अ‍ॅसेटिक आम्ल लावायचे आणि पेशींचा रंग बदलतो का ते डोळ्यांनी पाहायचे. हे काम प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी केले. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. या अभ्यासावर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवले हे नीतीला धरून होते का, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच होता. पण निष्कर्ष मोठा होता. आता सांगा, व्हिनेगरची फीत कुठल्या रंगाची? व्हिनेगरचा महिना कोणता? धावण्याच्या शर्यतीत कुणाच्या बनियनवर व्हिनेगरचे नाव असते? ज्या उपायातून कुणाला नफा नाही, त्याला प्रायोजक मिळत नाही. मग त्याची जागृती सरकारने करायची, नाहीतर ती होत नाही.

मग करायचे काय? नेहमीचे उत्तर पारदर्शकता. कंपनीने कुणाला किती दिले ते जाहीर करा. अमेरिकेत डॉक्टरांना आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांना दिलेले पैसे सरकारी संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, पण रुग्णसंस्थांना दिलेले पैसे त्या कायद्यात येत नाहीत. ते यायला हवेत, आपल्याकडेही यायला हवेत, यात वाद नाही. पण पारदर्शकतेवर आम्ही फार भिस्त ठेवत नाही. फलकाच्या कोपऱ्यात ‘सौजन्य’ म्हणून कंपनीचे नाव आमच्या शिबिरातही होते. आम्ही ते वाचले आणि आभार मानले. जाहीर केल्याने ओझे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जाते. न बोललेले काय हे त्याला फलकावरून कळत नाही.

आपल्याकडे कायद्याने एक रेघ ओढलेली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व यात धरले जाणार नाही. रेघ चांगली आहे. पण इन्सुलिन बनवणाऱ्याने मधुमेहाचे शिबिर घेतले, तर ते रेघेच्या अलीकडे की पलीकडे? आमची सूचना साधी आहे. कंपनीला खरोखर दान करायचे असेल तर ते तिचे औषध ज्या रोगावर चालते तो रोग सोडून करावे. हाडांच्या औषधवाल्याने शाळेत शौचालये बांधावीत. किंवा सगळ्या कंपन्यांनी एका समाईक निधीत पैसे टाकावेत आणि ते कुणाला जातात यावर त्यांचा काही अधिकार नसावा. यावर कुणी म्हणाले की मग कंपन्या पैसे देणारच नाहीत, तर मंडळी, ते पैसे कशासाठी दिले जात होते याचे उत्तर आपल्याला मिळाले.

आणि संस्थांनी काय करावे? पैसा न घेता संस्था चालत नाही, हे आम्ही जाणतो. लहान संस्थेचे तर भाडेही निघत नाही. म्हणून ‘एक पैसाही घेऊ नका’ असा उपदेश इथे उंचावरून करणार नाही. पण एक कसोटी प्रत्येक संस्थेने स्वतःला लावावी : या देणगीदाराच्या औषधाची किंमत जास्त आहे, असे गेल्या पाच वर्षांत आपण एकदा तरी जाहीरपणे बोललो का? बोलायची वेळ आली तर बोलू शकू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या विषयापुरते आपण रुग्णाचे आप्त राहिलेलो नाही, एवढे तरी कबूल करावे.

शेवटी परत आमच्या संघाकडे. गेल्या वर्षी तसेच एक पत्र पुन्हा आले. कंपनी दुसरी, यंत्र दुसरे, शब्द तेच. कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही म्हणालो, शिबिर जरूर घ्या, पण आधी तीन प्रश्न लेखी पाठवा : ही तपासणी कुणाला लागत नाही? दोष निघाला तर औषधाआधी काय करता येते? आणि औषध घ्यावे लागलेच तर महिन्याला किती पडेल? एक सदस्य जरा चिडून म्हणाले, ‘सर, फुकट देतायत, आणि वर आपण परीक्षा घ्यायची?’ आम्ही म्हटले, ‘अहो, परीक्षा घेण्यातच आमचा जन्म गेला.’ सगळे हसले, आणि पत्र गेले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

शिबिर झाले नाही म्हणून काही सभासद आमच्यावर नाराज आहेत. त्यांची नाराजी आम्हाला समजते. फुकटची तपासणी आमच्यामुळे हुकली, आणि त्यांतल्या एखाद्याचे हाड खरोखरच ठिसूळ असेल तर? हा विचार आम्हालाही सतावतो. त्यावर आम्ही एवढेच केले की, सरकारी रुग्णालयातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञ बाईंना संघात बोलावले. त्या तासभर बोलल्या. कुणी तपासून घ्यावे, कुणी घेऊ नये, रोज चालावे किती, न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून काय करावे, हे सगळे सांगितले. त्या दिवशी चहाचा खर्च आम्ही वर्गणीतून केला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.